नवी रीइश्यू एलपी: सील फोडण्यापासून कपाटात ठेवण्यापर्यंत

तीन-चार हजार रुपये मोजून मागवलेली १८० ग्रॅमची रीइश्यू, म्हणजे जुन्या अल्बमची नव्याने काढलेली रेकॉर्ड, घरी येते आणि पहिल्याच दिवशी तिच्यावर केसासारखे ओरखडे दिसतात. पुष्कळदा हा दोष प्रेसिंगचा, म्हणजे रेकॉर्ड साच्यात दाबून बनवण्याचा, नसतो. जाड पुठ्ठ्याच्या छापील इनरमध्ये, म्हणजे कव्हरच्या आतल्या पिशवीत, रेकॉर्ड कोंबलेली असते आणि तिथून ओढून काढतानाच ती घासली जाते. कव्हरचा कागद, छपाई, गेटफोल्ड (पुस्तकासारखं उघडणारं कव्हर), पोस्टर यांवर हात सैल सोडायचा आणि रेकॉर्डला रोज टेकणाऱ्या पिशवीवर मात्र आखडायचा, हा सध्याचा रिवाज आहे. त्यावर चिडण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मात्र बरंच नुकसान आपल्याच घरात, आपल्याच हातून आणि घाईत होतं.

साधारण क्रम असा चुकतो: कटरने कव्हरवरचं प्लास्टिकचं सील फाडलं, रेकॉर्ड खेचून काढली, लगेच धुतली, नव्या इनरमध्ये घातली आणि पंधरा दिवसांनी निवांत ऐकायला घेतली. तेव्हा कळतं की दुसऱ्या बाजूला खरखर आहे. तोवर परतीची मुदत संपलेली असते, पुरावा नसतो, आणि रेकॉर्ड ओली झाल्यामुळे विक्रेता हात वर करतो.

पुढचं सगळं एकाच धोरणावर बेतलं आहे. रीइश्यूचं कव्हर बघण्यासाठी असतं, रेकॉर्ड ठेवण्यासाठी नाही. ती ज्या रीतीने आली तशीच परत कव्हरात घालायची नाही.

## तयारी: पार्सल येण्याआधी घरात काय हवं

- नव्या इनर स्लीव्ह. पूर्ण एचडीपीई या प्लास्टिकच्या, दुधट आणि सुळसुळीत. किंवा आतून त्याच प्लास्टिकचं अस्तर असलेल्या कागदी. नुसत्या कोऱ्या कागदाच्या नकोत.
- आऊटर स्लीव्ह, म्हणजे कव्हरवरून घालायच्या पिशव्या. पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा पॉलिथिनच्या, साधारण ७५ मायक्रॉन जाडीच्या. एलपीचं कव्हर सुमारे ३१.५ सेंटिमीटर असतं, त्यामुळे आऊटर आतून सव्वाबत्तीस-साडेबत्तीस सेंटिमीटर हवी. गेटफोल्डसाठी त्याहून सैल वेगळ्या घ्या.
- कार्बन फायबरचा ब्रश.
- एकाच बल्बचा टेबललॅम्प. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात ओरखडे दिसत नाहीत.
- गोल टोकाची छोटी कात्री, स्वच्छ मऊ चादर, आणि मोबाइल टेकवून उभा राहील असं काहीतरी.

हातमोजे लागत नाहीत. सुती हातमोज्यांत पकड सुटते आणि रेकॉर्ड निसटते. साबणाने हात धुऊन पूर्ण कोरडे करा, एवढं पुरे.

पिशवीची परीक्षा. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी जाड, काचेसारखी पारदर्शक, थोडा वास येणारी पिशवी बहुधा पीव्हीसीची असते. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं रसायन हळूहळू बाहेर येतं आणि रेकॉर्डवर धुरकट डाग पाडतं. तो डाग धुऊन जात नाही आणि ऐकताना सतत हिस्स ऐकू येतं. ओळखायची सोपी युक्ती अशी: पिशवीचा नखाएवढा तुकडा कापा, पेलाभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाका, आणि बुडबुडे सुटेपर्यंत तुकडा बोटाने खाली दाबून सोडा. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, ते वर येतं. पीव्हीसी तळाला जातं. बुडाला तो माल घेऊ नका, दुकानदार काहीही म्हणो.

## टप्पा १: ऑर्डर देतानाच चार ओळी लिहा

कव्हर फाटण्याचं मुख्य कारण रेकॉर्डची स्वतःची धार आहे. १८० ग्रॅमची तबकडी कव्हरच्या आत सैल असते. कुरिअरवाल्याने पार्सल आपटलं की ती धारेवर जाऊन कव्हरच्या शिवणीला धडकते. प्रवासात हे दहा-वीस वेळा झालं की खालची किंवा वरची शिवण उसवते. बाहेरचा खोका मात्र धडधाकट असतो, म्हणून विक्रेता म्हणतो, "आम्ही तर नीट पाठवलं."

विक्रेत्याला ऑर्डरसोबत हे लिहा:

१. रेकॉर्ड इनरसकट कव्हरच्या बाहेर काढून, कव्हरच्या मागे ठेवून पाठवा. त्यासाठी सील फोडायला माझी हरकत नाही.
२. दोन्ही बाजूंना पन्हळी पुठ्ठे लावा आणि कोपऱ्यांभोवती दोन बोटं जागा सोडा.
३. सगळं आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालून मग खोक्यात ठेवा.
४. कव्हरवर किमतीचं स्टिकर लावू नका.

सील फोडायची कल्पना अनेकांना सोसत नाही. "सीलबंद" शब्दाची किंमत त्यांना फार वाटते. परदेशातून किंवा दूरच्या शहरातून मागवताना हा मोह सोडा. आत शिवण उसवलेली सीलबंद प्रत विकायला गेलात तर तिला चांगल्या उघड्या प्रतीइतकाही भाव येत नाही.

मोठ्या ऑनलाइन दुकानांत असल्या ओळी कोणी वाचत नाही. तिथून घ्यायचंच असेल तर परतीची मुदत किती दिवसांची आहे आणि वस्तू बदलून मिळते की नुसते पैसे परत येतात, एवढं आधी वाचून ठेवा.

प्रत्यक्ष दुकानात घेत असाल तर सीलवरूनच कव्हरच्या तिन्ही कडांवर बोट फिरवा. उसवलेली शिवण बोटाला लागते. मग पाकीट डोळ्यांच्या पातळीवर आडवं धरून बघा. सील फार ताणलेलं असेल तर कव्हर धनुष्यासारखं वाकलेलं दिसतं, आणि आतली रेकॉर्डही वाकलेली असू शकते. ती प्रत ठेवून दुसरी मागा.

> सावधान: मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात मागवत असाल तर पार्सल घ्यायला कोणीतरी घरी असेल असं बघा. रेकॉर्डचं प्लास्टिक साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत तेवढं तापमान सहज होतं. दुकानातून घेतलेली रेकॉर्ड डिकीत ठेवून जेवायला जाऊ नका.

## टप्पा २: पार्सल हातात आलं

घाई करू नका. उन्हातून आलेलं पार्सल घरात सपाट ठेवून दोन-तीन तास निवू द्या. गरम रेकॉर्ड जराशी दाबली तरी वाकते. पावसात भिजून आलं असेल तर मात्र थांबू नका: बाहेरचा ओला खोका ताबडतोब काढा, आतली पिशवी पुसा, आणि मग निवू द्या.

मोबाइल उभा करून खोका उघडतानाचं चित्रण सलग करा, मध्ये न थांबवता. क्रम असा ठेवा: पत्त्याचं लेबल, खोक्याचे सहाही पृष्ठभाग, चिकटपट्टी कापणं, आतली मांडणी, सीलसकट कव्हरच्या दोन्ही बाजू आणि चारही कोपरे. परदेशी पार्सल कस्टम्सने उघडून पुन्हा चिकटवलेलं असेल तर ती पट्टी ठळक दिसू द्या. चित्रण तुकड्यातुकड्यांत असेल तर तक्रारीत त्याला फारसा अर्थ उरत नाही.

चिकटपट्टी कापताना पातं कधीही खोक्याच्या मधोमध खोल घालू नका. कडेने, वरच्यावर कापा. एलपीच्या सपाट खोक्यात पुठ्ठ्याच्या लगेच खाली कव्हर असतं.

> तपासा: खोका टाकून देऊ नका. रेकॉर्ड पूर्ण ऐकून होईपर्यंत तो ठेवायचा आहे, परत पाठवायची वेळ आली तर तोच लागतो.

## टप्पा ३: सील

कव्हरचं तोंड ज्या बाजूला आहे, म्हणजे सहसा पुढून बघताना उजवीकडे, त्या बाजूला सीलमध्ये नखाने छोटी फट पाडा आणि कडेकडेने वर-खाली सरकत जा. नखाने जमत नसेल तर कात्रीचं गोल टोक वापरा. कटर नको. घसरला की पुठ्ठ्यावर कायमची रेघ उमटते, आणि मॅट कव्हरवर तर ती लांबूनही दिसते.

आता वादाचा मुद्दा. पुष्कळ जण तोंडाची बाजू तेवढी कापून बाकीचं सील कव्हरवर तसंच ठेवतात. आपल्या हवेत हे करू नका. ते प्लास्टिक उष्णतेने आणखी आक्रसतं आणि कव्हर ओढून वाकवतं. कोकणात, मुंबईत त्याच्या आत दमटपणा अडकतो. सील पूर्ण काढा. त्यावर चिकटवलेलं जाहिरातीचं स्टिकर आवडत असेल तर तेवढा तुकडा कापून नंतर आऊटरच्या आत सरकवा.

जपानी प्रतींवर कण्याला, म्हणजे कव्हरच्या बंद कडेला, गुंडाळलेली कागदी पट्टी असते, तिला ओबी म्हणतात. ती सैल असते आणि सील ओढताना पहिली तीच फाटते. आधी ओबी हलकेच सरकवून काढा.

## टप्पा ४: रेकॉर्ड बाहेर काढणं

सगळ्यात जास्त ओरखडे इथे पडतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

४.१ तोंड उघडा. पलंगावर मऊ चादर अंथरा. कव्हरचा कणा पोटाशी टेकवा, तोंड समोर ठेवा आणि दोन्ही तळव्यांनी वरची-खालची कड किंचित दाबा. कव्हर फुगतं आणि तोंड उघडतं. आत डोकावून बघा: इनर आहे की रेकॉर्ड तशीच घातली आहे? इनरचं तोंड कुठे आहे? पोस्टर, पुस्तिका, डाउनलोड कार्ड रेकॉर्डला चिकटून आहे का?

४.२ इनर काढा, रेकॉर्ड नव्हे. इनरचा कोपरा धरून तो अख्खा बाहेर सरकवा. नुसती रेकॉर्ड चिमटीत धरून ओढायची नाही. इनर अडकला असेल तर कव्हरचं तोंड खाली करून हलकेच हलवा. रेकॉर्डचं वजन आपलं काम करतं.

४.३ इनरमधून रेकॉर्ड. इथे इनरचे तीन प्रकार ओळखून वागा.

साधा पांढरा कागदी इनर असेल आणि रेकॉर्ड घट्ट बसली असेल, तर ओढाताण करूच नका. कात्रीने इनरची बाजूची आणि खालची शिवण कापा, कागद पुस्तकासारखा उघडा आणि रेकॉर्ड उचला. तो कागद नंतर फेकायचाच आहे. असा इनर जपून ठेवणारे आणि त्यापायी रेकॉर्ड घासून घेणारे लोक आहेत. त्यांना काय सांगावं!

जाड छापील पुठ्ठ्याचा इनर कापता येत नाही, कारण त्यावर चित्रं, गाण्यांचे शब्द, श्रेयनामावली असते. तो कव्हरसारखाच फुगवा. तोंड किंचित खाली झुकवा, तळवा तोंडाखाली धरा आणि रेकॉर्डला आपल्या वजनाने येऊ द्या. कड तळव्यावर टेकली की अंगठा कडेवर आणि बाकीची बोटं मधल्या लेबलवर, अशी पकड घ्या. खाचांना बोट लागता कामा नये. रेकॉर्ड येत नसेल तर इनर आणखी फुगवा; रेकॉर्डवर जोर देऊ नका.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट: इनरच नाही, रेकॉर्ड थेट गेटफोल्डच्या खिशात. तो खिसा आतून खरखरीत असतो, आणि डिंक बाहेर ओघळला असेल तर रेकॉर्डच्या कडेवर चिकट ठिपके पडतात. मोबाइलच्या टॉर्चने खिशाच्या आत बघा. कड चिकटलेली दिसली तर ओढण्याआधी फोटो घ्या. हा उत्पादनातला दोष आहे आणि बदलून मागण्याचं भक्कम कारण.

४.४ बॉक्स सेट. पेटीतल्या पुस्तकवजा पानांच्या खिशांत चार-सहा रेकॉर्डी असतात आणि खिसे जेमतेम मापाचे असतात. पेटीतून उचलताना एकच स्लीव्ह नखाने वर ओढू नका. पेटी आडवी करून सगळा गठ्ठा एकदम बाहेर सरकवा. फोमची चकती किंवा गादी रेकॉर्डला टेकत असेल तर ती काढून बाजूला ठेवा. फोम कालांतराने डाग सोडतो.

> सावधान: कव्हरचा एखादा दिखाऊ भागच रेकॉर्डचा शत्रू ठरू शकतो. रोलिंग स्टोन्सच्या १९७१च्या 'स्टिकी फिंगर्स'च्या कव्हरवर खरी धातूची झिप होती. गठ्ठ्यात दाबल्यावर ती रेकॉर्डच्या खाचांवर वळ उठवू लागली, तेव्हा उपाय निघाला की झिप अर्धी खाली ओढायची, म्हणजे तिचा दाब मधल्या लेबलवर येतो. खऱ्या झिपची प्रत तुमच्याकडे असेल तर आजही तेच करा, आणि रेकॉर्ड तर कव्हराबाहेरच ठेवा.

## टप्पा ५: उजेडात तपासणी

खोलीतले बाकी दिवे बंद करा. टेबललॅम्पच्या उजेडात रेकॉर्ड तिरकी धरून हळूहळू फिरवा. कोणती खूण कशाची, हे कळलं पाहिजे:

- खाचांना आडव्या जाणाऱ्या, नखाला न लागणाऱ्या बारीक रेषा: इनरमधून ओढल्याच्या. बहुधा ऐकू येत नाहीत, पण "नवी" म्हणून विकलेल्या मालावर त्या नकोत. फोटो घ्या.
- नखाला लागणारा ओरखडा: ऐकू येणार.
- पांढुरका भुरका थर, तंतू: इनरच्या कापलेल्या कडेची कागदाची भुकटी. ब्रशने जाते.
- खाचांतच चमकणारा खडबडीत पट्टा: प्लास्टिक साच्यात पूर्ण भरलं नाही. हा प्रेसिंगचा दोष, धुऊन जात नाही.

मग वाचनाचं काम. दोन रेकॉर्डींच्या संचात एकच रेकॉर्ड दोनदा आलेली असू शकते, किंवा लेबलं उलटी चिकटलेली असतात. शेवटच्या खाचेजवळ कोरलेले आकडे-अक्षरं बघा. प्रत्येक बाजूचा क्रमांक वेगळा असला पाहिजे आणि लेबलवरच्या बाजूशी जुळला पाहिजे. त्याचा फोटो काढून ठेवा. पुढे प्रत ओळखायला हाच उपयोगी पडतो.

कव्हरही याच बैठकीत बघा: कण्यावर नाव छापलंय का, कोपरे, शिवणी, रंग. जुन्या कव्हरचा धूसर स्कॅन मारून केलेली छपाई चीड आणते, पण त्या कारणाने परत घेणारे विक्रेते कमीच. ते खरेदीआधी फोटो मागवून ठरवायचं.

## टप्पा ६: धुण्याआधी एकदा पूर्ण ऐका

यावर संग्राहकांत मतभेद आहेत. नवी रेकॉर्डही आधी धुवावी, असं म्हणणारे बरेच आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरी परतीची मुदत चालू असताना मी ओलं काही लावू देणार नाही. फिरत्या रेकॉर्डवर कोरडा कार्बन ब्रश दोन-तीन फेरे धरा, भुकटी उचला आणि सगळ्या बाजू ऐका. सगळ्या म्हणजे सगळ्या; आवडीचं गाणं तेवढं नव्हे.

ऐकताना घड्याळ जवळ ठेवा. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने रेकॉर्ड एक फेरा १.८ सेकंदांत पूर्ण करते. टक्-टक् बरोबर १.८ सेकंदांच्या अंतराने येत असेल तर तो ओरखडा किंवा प्रेसिंगचा दोष. ४५च्या वेगाला हेच अंतर सुमारे १.३ सेकंद असतं. टकटक कुठेही, कशीही येत असेल तर धूळ किंवा स्थिरविद्युत. कोरड्या हिवाळ्यात, विशेषतः नागपूर-अमरावतीकडे, कागदी इनरमधून काढलेली रेकॉर्ड अंगावरचे केस उभे राहतील इतकी भारलेली असते. ती तडतड बघून घाबरू नका.

लांब सूर, सतार किंवा पियानो डुलल्यासारखा वाटत असेल तर टोनआर्मकडे, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याकडे, बघा. प्रत्येक फेऱ्याला तो डावी-उजवीकडे झुलत असेल तर मधलं भोक मध्यावर नाही. रेकॉर्डची कड थोडी वर-खाली होते आणि सुई निमूट चालते, एवढ्यावरून तक्रार करू नका. सुई उडाली किंवा सूर हलला तर करा.

## टप्पा ७: तक्रार, त्याच दिवशी

लांबलचक संताप लिहू नका. चार गोष्टी पुरतात: ऑर्डर क्रमांक, दोष कोणत्या बाजूला आणि कोणत्या गाण्यात, चित्रणाचा दुवा, आणि तुम्हाला नेमकं काय हवं. "निकृष्ट पॅकिंग" या शब्दांनी काही होत नाही. "खालची शिवण नऊ सेंटिमीटर उसवली आहे, फोटो ३ बघा" याने होतं.

फक्त कव्हर खराब असेल आणि रेकॉर्ड चांगली असेल तर आधी रिकामं कव्हर मागून बघा. काही विक्रेते आणि कंपन्या ते पाठवतात, आणि चांगली रेकॉर्ड परत पाठवून दुसरी कशी येईल याचा जुगार टळतो.

भारतातल्या ऑनलाइन दुकानाने उत्तरच दिलं नाही तर त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. ई-कॉमर्ससाठीच्या २०२०च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. त्यापुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५.

## टप्पा ८: आता धुवा

ठेवायचं ठरलं की मगच. डिस्टिल्ड पाणी, त्यात सौम्य लिक्विडचे अगदी थोडे थेंब, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने खळखळून काढायचं आणि उभी ठेवून वाळवायचं. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, क्षार खाचांत बसतात. लेबल भिजू देऊ नका. याच बैठकीत घरातल्या जुन्या, ७८च्या वेगाच्या तबकड्या धुवायला घेतल्यात तर अल्कोहोल असलेला कोणताही क्लीनर लांब ठेवा. त्या बहुतेक लाखेच्या असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते.

> तपासा: रेकॉर्ड पूर्ण वाळली का? ओलसर रेकॉर्ड प्लास्टिकच्या इनरमध्ये घातलीत तर पावसाळ्यात तिथेच बुरशी धरते.

## टप्पा ९: नवं बिऱ्हाड

मांडणी अशी:

१. छापील इनर, पोस्टर, पुस्तिका, सगळं कव्हरच्या आत. रेकॉर्ड नाही. पोस्टर रेकॉर्डला टेकून ठेवलं की त्याच्या घडीचा दाब रेकॉर्डवर येतो, तोही प्रश्न मिटतो.
२. रेकॉर्ड नव्या इनरमध्ये.
३. कव्हर आऊटरमध्ये, आणि त्याच्या मागच्या बाजूला, त्याच आऊटरमध्ये, इनरसकट रेकॉर्ड.
४. इनरचं तोंड वर, आऊटरचं तोंड उजवीकडे. दोन्ही तोंडं एका दिशेला कधीच नकोत. रेकॉर्ड घरंगळते आणि धूळ सरळ आत जाते.

कव्हरच्या बाहेर रेकॉर्ड ठेवणं काहींना विद्रूप वाटतं. ज्यांना ते नकोच, त्यांनी तळ गोल असलेल्या पातळ एचडीपीई इनरमध्ये रेकॉर्ड घालून तो छापील इनरमध्ये सरकवावा. पण आधी माप बघा. छापील इनर मुळातच आवळ असेल तर पातळ इनर आत चुरगळतो आणि त्याची चुणी रेकॉर्डवर दाबून बसते. जबरदस्ती करू नका.

बॉक्स सेटमधल्या रेकॉर्डी मी पेटीत ठेवतच नाही. प्रत्येक रेकॉर्ड आपल्या इनर-आऊटरमध्ये, आऊटरच्या आत क्रमांकाची चिठ्ठी, आणि सगळ्या पेटीच्या शेजारी उभ्या. पेटी पुस्तकासारखी चाळायची. दोन-तीन इंच जागा जास्त जाते, तेवढंच.

> तपासा: भरलेली आऊटर पलंगावर धरून चारही बाजूंनी तिरकी करा. काहीही सरकून बाहेर आलं तर एखादं तोंड चुकलंय.

## टप्पा १०: फाटक्या कव्हरची डागडुजी

बदलून मिळालं नाही, तर शिवण घरी सांधता येते. अट एकच: सेलोटेप नाही. दोन उन्हाळ्यांत ती पिवळी पडते, तिचा चीक कडेने पसरतो आणि काढायला जाल तर छपाईसकट निघते.

पातळ पण चिवट कागदाची बोटभर रुंद पट्टी कापा. फेविकॉलचा अगदी पातळ हात पट्टीवर फिरवा; कव्हरवर नको, पुठ्ठा फुगतो. पट्टी कव्हरच्या आतल्या बाजूने शिवणीवर बसवा, कडा जुळवा, आत बटर पेपर सरकवा म्हणजे दोन बाजू एकमेकींना चिकटणार नाहीत. वरून सपाट जाड पुस्तकं ठेवून रात्रभर सोडा. दबलेला कोपराही याच पद्धतीने बराच सरळ होतो, पण वजन सपाटच हवं.

किमतीचं स्टिकर काढायचं असेल तर हेअर ड्रायरची मंद हवा दुरून द्या आणि कोपऱ्यापासून सावकाश सोला. रेकॉर्ड तेव्हा दुसऱ्या खोलीत असू द्या. मॅट, विनालॅमिनेशनच्या कव्हरवर हा प्रयोग न केलेला बरा.

## टप्पा ११: कपाट आणि पावसाळा

रेकॉर्डी उभ्या. आडव्या गठ्ठ्यात नाही, कलत्याही नाही. हात सहज जाईल इतक्या सैल, पण कलणार नाहीत इतक्या भरलेल्या. वीत-सव्वा वितीवर उभी फळी लागते. एक फूट रुंदीला सुमारे १६ किलो वजन येतं. १८० ग्रॅमच्या रीइश्यूंना त्याहून जास्त. तीन फुटी फळीला मधे आधार नसेल तर ती वाकते आणि रेकॉर्डी मधोमध एकमेकींवर कलतात. सुताराला पुस्तकांचं नव्हे, रेकॉर्डींचं वजन सांगा.

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका. चार बोटं हवा खेळू द्या. ओल त्याच भिंतीतून येते, आणि वाळवीही. खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर हवा. डांबर गोळ्या नकोत, त्यांचा वास पुठ्ठ्यात मुरतो तो जात नाही. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळोवेळी तापवून कोरड्या करत राहा, नाहीतर ऑगस्टात त्या नुसत्या शोभेच्या उरतात. कसर पुठ्ठ्याची खळ खाते, म्हणून दिवाळीच्या सफाईत प्रत्येक कप्पा रिकामा करून पुसा.

कव्हरवर पांढरे-करडे ठिपके दिसले तर ती प्रत ताबडतोब वेगळी काढा. तोंडाला मास्क बांधून, गॅलरीत, कोरड्या मऊ ब्रशने ठिपके झाडा, आणि कव्हर सावलीत पंख्याखाली उघडं ठेवून वाळवा. उन्हात टाकू नका, पुठ्ठा वाकतो. जुनी आऊटर आणि इनर फेकून द्या, रेकॉर्ड धुऊन नव्या इनरमध्ये घाला. तिच्या दोन्ही बाजूंच्या चार-पाच रेकॉर्डीही काढून बघा. ठिपका एका कव्हरवर दिसतो तेव्हा बुरशी शेजारच्या आऊटरच्या तोंडापर्यंत पोचलेली असू शकते.